वांगणीच्या अंधारात उघडा पडणारा नंबर

पावसाळा सरला की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या आकाशवेड्यांचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. कर्जतकडे जाणारी लोकल पकडायची, बदलापूर मागे टाकायचं आणि वांगणीला नाहीतर नेरळला उतरायचं. हॅलीचा धूमकेतू 1986 मध्ये येऊन गेला, त्या सुमारास महाराष्ट्रात आकाशदर्शनाची जी लाट उसळली ती या पट्ट्यात ओसरलीच नाही. मुंबईच्या खगोल मंडळानं वांगणी-नेरळच्या रात्रभराच्या कार्यक्रमांची गोडी लावली. कल्याणला आकाश मित्र मंडळ आणि हेमंत मोने यांच्यासारखे अभ्यासक, ठाण्याला पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांची व्याख्यानं आणि लेख, यांनी ती टिकवली. आता तर अनेक घरांत स्वतःची दुर्बीण असते. सहा किंवा आठ इंची आरशाची, डॉब्सनियन बैठकीची, गच्चीच्या जिन्याखाली गोधडीत गुंडाळून ठेवलेली.

या दुर्बीणवाल्यांची एक तक्रार मात्र चक्रावून टाकणारी आहे. घरच्या गच्चीवरून शनीची कडी रेखीव दिसतात, गुरूचे पट्टे स्पष्ट दिसतात. तीच दुर्बीण, तोच माणूस वांगणीच्या काळोखात कृत्तिका बघायला जातो, आणि एकेक तारा कुणीतरी बोटानं फासल्यासारखा लांबट दिसतो. सगळ्या ताऱ्यांची शेपटं एकाच दिशेला. पहिला संशय दुर्बिणीवर जातो. लोकलच्या गर्दीत धक्का लागला असेल, आरसा सरकला असेल. मग टॉर्चच्या उजेडात आरशाचे स्क्रू पिळण्यात अर्धी रात्र जाते. पुष्कळदा आरसा निर्दोष असतो. दोष बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो आणि शहरात तो दडून बसलेला असतो.

चष्म्याच्या कागदावर दोन प्रकारचे नंबर असतात. एक गोल नंबर, म्हणजे लांबचं किंवा जवळचं अंधुक दिसण्याचा. दुर्बिणीपुढे हा नंबर निरुपद्रवी आहे. उणे सहाचा चष्मा असलेल्या माणसानंही चष्मा काढून फोकसची चकती थोडी फिरवली, आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, जरा आत नेली, की चित्र स्पष्ट होतं. दुसरा नंबर सिलिंडरचा, त्याच्या शेजारी अॅक्सिस म्हणून अंशांचा आकडा लिहिलेला असतो. हे दृष्टिवैषम्य. इथे पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसते. चमच्याच्या खोलगट भागासारखी ती एका दिशेला जास्त आणि तिच्या काटकोनात कमी असते. त्यामुळे उभ्या आणि आडव्या रेषांचे फोकस वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. चकती कितीही फिरवा, तारा एकदा या दिशेची रेघ होतो, एकदा त्या दिशेची, आणि मधे कुठेतरी एक गबाळा ठिपका. फोकसच्या चकतीला दिशा कळत नाही, म्हणून ती इथे हात टेकते.

पण मग गच्चीवरून शनी कसा ठीक दिसतो? उत्तर आहे आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या शलाकेच्या जाडीत. निरीक्षक तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. हिशेब सोपा आहे: दुर्बिणीचा व्यास भागिले वर्धन. आठ इंची म्हणजे 200 मिलिमीटरची, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेतली आणि तिला 6 मिलिमीटरची आयपीस लावली, तर वर्धन 200 पट आणि शलाका 1 मिलिमीटर जाड. 30 मिलिमीटरची लावली तर वर्धन 40 पट आणि शलाका 5 मिलिमीटर. पहिल्या वेळी बाहुलीच्या मधला जेमतेम एक मिलिमीटरचा तुकडा वापरात येतो. एवढ्याशा तुकड्यात वक्रतेचा फरक फारसा जाणवत नाही. दुसऱ्या वेळी जवळजवळ सगळी बाहुली कामाला लागते आणि डोळ्याचा सगळा वाकडेपणा चित्रात उतरतो.

आकड्यांत पाहिलं तर फरक डोळ्यांत भरतो. एक डायॉप्टर सिलिंडर असलेल्या डोळ्यात 5 मिलिमीटरच्या शलाकेमुळे, उत्तमात उत्तम फोकस साधल्यावरही, ताऱ्याचा डाग सुमारे साडेआठ कलांचा (आर्कमिनिटांचा) होतो. चंद्र नुसत्या डोळ्यांना 30 कलांचा दिसतो, म्हणजे डाग त्याच्या पाव व्यासाहून मोठा. निरोगी डोळा एका कलेपर्यंतचा तपशील ओळखतो. हीच शलाका 1 मिलिमीटरची असेल तर डाग पावणेदोन कलांच्या आत येतो. शिवाय 200 पट वर्धनाला, प्रकाशाच्या स्वभावामुळे, ताऱ्याची मूळ चकतीच सुमारे साडेचार कलांची दिसत असते. पावणेदोन कलांचा दोष तिच्यात मुरून जातो. 40 पटीला मात्र ती चकती कलेपेक्षाही लहान असते, तिथे साडेआठ कलांचा डाग लपणार कुठे?

आता शहराचा संबंध लक्षात येईल. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या आकाशात कमी वर्धन लावून काही मिळत नाही. मागचं आकाशच राखाडी उजळ दिसतं. त्यामुळे शहरातला निरीक्षक आपोआप चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांकडे वळतो आणि बारीक आयपीस वापरतो. दिव्यांचा झगमगाट त्याचा नंबर झाकून ठेवतो. वांगणीला गेल्यावर त्याला जे बघायचं असतं ते पसरट असतं. देवयानी दीर्घिका सुमारे तीन अंश लांब, कृत्तिकांचा पुंजका दोनेक अंशांचा. त्यासाठी जाड आयपीस लागते आणि दोष उघड्यावर येतो. दिवाळीच्या आसपास संध्याकाळी-रात्री हीच मंडळी वर असतात. देवयानी तर आपल्या अक्षांशावरून जवळजवळ सत्तर अंश उंच चढते. म्हणजे हंगामातली पहिली अमावस्या आणि डोळ्याची परीक्षा एकाच रात्री.

वर जी ताऱ्याची मूळ चकती म्हटली ती एअरी चकती या नावानं ओळखली जाते. जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज गणितज्ञानं तिचं गणित 1835 मध्ये मांडलं. आणि दृष्टिवैषम्यावर पहिला उपयोगी चष्मा बनवून घेणाराही हाच माणूस, असा हा मजेशीर योग आहे. त्याच्या आधी, 1801 मध्ये, थॉमस यंगनं स्वतःच्या डोळ्यातलं वैषम्य ओळखून मोजलं होतं, पण त्याला त्याचा त्रास नव्हता, म्हणून त्यानं उपायाचा नाद केला नाही. एअरीला त्रास होता. केंब्रिजला असताना त्याच्या लक्षात आलं की वाचताना आपला डावा डोळा काही कामच करत नाही. त्यानं एका कार्डाला सुईनं भोक पाडलं, ते उजेडासमोर धरलं आणि डोळ्यापासून मागेपुढे करत राहिला. सहा इंचांवर भोक एका दिशेची रेघ दिसलं, साडेतीन इंचांवर तिच्या काटकोनातली. या दोन आकड्यांवरून त्यानं भिंगाचा आकार काढला: एक बाजू गोलीय अंतर्वक्र, दुसरी दंडगोलासारखी अंतर्वक्र. इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिरानं ते घासून दिलं. 1825 मध्ये एअरीनं हे सगळं केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे वाचलं. आजच्या हिशेबानं त्याचा सिलिंडर पावणेपाचच्या आसपास भरतो, जबरदस्तच म्हणायचा.

पुढे 1835 ते 1881 तो इंग्लंडचा राजज्योतिषी होता. ग्रीनिचला त्यानं बसवलेल्या दुर्बिणीतून जाणारी रेषा 1884 मध्ये जगाचं मूळ रेखावृत्त ठरली. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे धावतात ती त्याच रेषेच्या हिशेबानं.

एअरीचं कार्ड आजही उपयोगी पडतं. ज्यांना लांबचा गोल नंबर नाही, त्यांनी जाड पुठ्ठ्याला ड्रिलनं 1 ते 5 मिलिमीटरची भोकं पाडावीत आणि दिवाळीच्या संध्याकाळी पश्चिमेला असणाऱ्या अभिजितकडे एकेका भोकातून पाहावं. ज्या भोकापर्यंत तारा टिंब राहतो, तेवढी जाड शलाका त्या डोळ्याला चष्म्याविना झेपते. गोल नंबरवाल्यांनी हा खेळ दुर्बिणीवरच, आयपीस बदलून करावा. दोष कुणाचा ते ठरवायची चाचणी तर आणखी सोपी आहे. लांबट दिसणाऱ्या ताऱ्याकडे बघत मान तिरकी करायची. लांबटपणा मानेबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा. आयपीस तिच्या नळीत फिरवल्यावर फिरला तर आयपीसचा. दोन्हींनी हलला नाही तर मात्र आरशाकडे बघायला हरकत नाही; बऱ्याचदा त्याच्या कडेचे चिमटे जास्त आवळलेले असतात.

डोळ्याचा दोष ठरल्यावर चष्मा घालूनच बघावं, हा पहिला सल्ला मिळतो आणि तो वाटतो तितका वाईट नाही. अडचण असते जागेची. चष्मा घालून पूर्ण दृश्य दिसायला आयपीसच्या काचेपासून डोळ्यापर्यंत 18 ते 20 मिलिमीटर अंतर हवं. साध्या प्लॉसल आयपीसमध्ये ते तिच्या नाभीय अंतराच्या साधारण 70 टक्के असतं: 10 मिलिमीटरच्या आयपीसला 7, तर 30 मिलिमीटरच्या आयपीसला 21. म्हणजे जिथे चष्मा मावत नाही तिथे तो लागत नाही आणि जिथे लागतो तिथे मावतो. तरीही माणसं वैतागतात. बाजूचा उजेड काचेवर चमकतो, दवानं काचा धुरकटतात, आयपीसच्या कडेला घासून चरे पडतात. प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा तर इथे उपद्रवीच, कारण डोळा खाली सरकला की वाचण्याचा नंबर मधे येतो. कॉन्टॅक्ट लेन्स हा आणखी एक मार्ग. सिलिंडरसाठीची लेन्स डोळ्यात फिरू नये म्हणून खालच्या बाजूनं जरा जाड केलेली असते. तरी पापणी मिटताना ती थोडी सरकते, आणि रात्रभर जागल्यावर डोळे कोरडे पडतात ते वेगळंच.

चष्म्याची काच डोळ्यावरून उचलून थेट आयपीसवर बसवायची, ही कल्पना अमेरिकेतल्या टेलीव्ह्यू कंपनीनं डायॉप्ट्रिक्स नावानं बाजारात आणली. कंपनीचे संस्थापक अल नॅगलर यांनी त्याआधी अपोलो मोहिमेतल्या चांद्रयानाच्या सरावयंत्राची प्रकाशयंत्रणा आखली होती. डायॉप्ट्रिक्स म्हणजे कड्यात बसवलेली सिलिंडरची काच. पाव ते साडेतीन डायॉप्टरपर्यंत मिळते, पण त्याच कंपनीच्या ठराविक आयपीसवरच बसते. मागवण्याचा खर्च आणि आयातकर धरता इथल्या हौशी माणसाला ती महागच पडते.

त्यापेक्षा डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्यात नौपाड्याच्या गोखले रोडवर चक्कर मारून चष्म्याच्या दुकानात बसलेलं बरं. दुकानदाराला गोल नंबर शून्य ठेवायला सांगायचं, फक्त सिलिंडर द्यायचा, चकाकी मारणारा लेप लावायचा आणि आयपीसच्या रबरी कपात बसेल एवढी गोल काच कापून घ्यायची. सिलिंडर उणे घ्यावा की अधिक, या प्रश्नावर डोकं शिणवण्याचं कारण नाही. अधिक एकची काच उणे एकच्या जागी नव्वद अंश फिरवून बसवली की काम तेच होतं. उरलेला गोल फरक फोकसची चकती भरून काढते. म्हणून कागदावरचा एकच आकडा इथे कामाचा. अॅक्सिससुद्धा सांगावा लागत नाही. काच कपात ठेवून, एका मध्यम तेजस्वी ताऱ्याकडे बघत ती सावकाश फिरवायची. तारा गोल झाला की थांबायचं आणि कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. डॉब्सनियनवर मात्र दुर्बीण वर-खाली होते तशी मान वेगळ्या कोनात झुकते, तेव्हा दर वेळी थोडं फिरवून जुळवावं लागतं.

दुकानातला नंबर बाहुली लहान असताना काढलेला असतो, अंधारात ती फाकते आणि पारपटलाचा कडेचा भागही वापरात येतो. तिथे सिलिंडर जरा वेगळा निघू शकतो. म्हणून काच कापून घेण्याआधी दुकानातल्या तपासणीच्या पेटीतली पाव डायॉप्टर इकडची-तिकडची भिंगं दुर्बिणीवर धरून बघता आली तर उत्तम. अर्धा डायॉप्टर आणि 2 मिलिमीटरच्या आतली शलाका असेल तर हा सगळा खटाटोप करू नये, फरक दिसणार नाही.

शिवाय हा नंबर जन्मभर एका जागी बसत नाही. तरुणपणी पारपटलाची वक्रता सहसा उभ्या दिशेला जास्त असते, वय वाढतं तशी ती आडव्या दिशेला झुकते. एअरी स्वतःच्या डोळ्याची मोजमापं कित्येक वर्षं घेत राहिला आणि बदल छापत राहिला. वयाचा एक फायदाही आहे: विशीत 7 मिलिमीटरपर्यंत फाकणारी बाहुली साठीत बहुधा 5 पर्यंतही पोचत नाही, त्यामुळे कडेचा वाकडेपणा आपोआप झाकला जातो. आरशाचा थोडा प्रकाश वाया जातो, इतकंच.

राहिला प्रश्न सार्वजनिक कार्यक्रमांचा. रांग लागलेली असते, दुर्बिणीपाशी उभा असलेला कार्यकर्ता प्रत्येकाला बजावतो, "कशाला हात लावू नका." दुर्बीण हलू नये म्हणून हे ठीकच, पण कार्यकर्त्याच्या डोळ्याला जुळवलेला फोकस रांगेतल्या निम्म्यांच्या डोळ्यांना जुळत नाही. चष्मेवाले चष्मा काढतात, एक पांढुरका गोळा बघतात आणि संकोचानं "हो, दिसलं" म्हणून पुढे सरकतात. त्यांना देवयानी दीर्घिकेपाशी चष्मा घालूनच बघायला सांगावं. शनीपाशी चष्मा काढून फोकसची चकती स्वतः फिरवू द्यावी. कार्यकर्त्याची स्वतःची सिलिंडरची काच आयपीसवर असेल तर ती रांग सुरू होण्याआधी काढून खिशात ठेवावी, नाहीतर निरोगी डोळ्यांनाही तारे लांबट दिसायला लागतील. एका माणसामागे अर्धं मिनिट जास्त जातं. रांग मोठी असेल तर दुसरी दुर्बीण लावावी.