बेडकाला काठ हवा

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला, की जालन्याजवळच्या आमच्या गावात रात्री झोप लागायची नाही. ओढ्याकाठच्या डबक्यांत बेडकांची मैफल भरायची. आम्ही पोरं कंदील घेऊन पाहायला धावायचो. एरवी मातकट दिसणारा मोठा बेडूक विणीच्या दिवसांत हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून साद घालतो.

गेल्या जूनमध्ये गावी गेलो. पाऊस चांगला झाला होता, रात्र मात्र गप्प. सकाळी आप्पांच्या, म्हणजे धाकट्या काकांच्या शेततळ्यावर गेलो. कोपऱ्यात दोन बेडूक आणि एक धामण मरून तरंगत होती.

"बेडकाला पोहता येत नाही का रे?" आप्पांनी विचारलं.

"येतं हो आप्पा, पण किती वेळ पोहणार? पन्नीवर पाय ठरत नाही."

शेततळ्यांना नावं ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यानं टँकरची वाट पाहत दिवस काढले आहेत. जवळच्याच कडवंचीनं पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा फुलवल्या, हे सारा महाराष्ट्र जाणतो. पण पाणी साठवायला घातलेलं प्लॅस्टिकचं अस्तर जिवांसाठी सापळा ठरतं.

बेडकाला खोल पाणी नको, उथळ चिखलाचा काठ हवा. तिथं तो अंडी घालतो, तिथंच त्याची पिल्लं वाढतात. काही बेडूक तर मागच्या पायांनी माती उकरून कोरडे महिने जमिनीतच काढतात. आपण बांध कोरले, डबकी बुजवली. मग त्यांनी जावं कुठं?

बेडूक पिकावरचे किडे खातो, धामण उंदीर खाते. दोघांनाही मजुरी द्यावी लागत नाही! एकेकाळी बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली. शेततळ्यातलं मरण थांबवायला मात्र कायदा लागत नाही, थोडी काळजी पुरते.

त्याच दुपारी आम्ही काथ्याच्या जाड दोरांना गाठी मारल्या आणि गोणपाटाच्या पट्ट्यांसह ते चारही उतारांवर पाण्यापर्यंत सोडले. वरची टोकं काठावरच्या खुंट्यांना बांधली. सांडव्याखाली चार पावलांचा एक खड्डा मातीचाच ठेवला, पन्नीशिवाय. "एवढ्यानं काय होणार?" काकू हसल्या.

यंदा मृग बरसल्यावर आप्पांचा रात्री अकराला फोन आला. मी घाबरून उचलला.

"ऐक," एवढंच म्हणून त्यांनी फोन त्या खड्ड्याच्या दिशेनं धरला. पलीकडून काकूंचा आवाज आला, "आता झोपू तरी देतील का हे?"