बिझनेसची रिकामी सीट आणि आपली बोली

प्रवासाला आठवडा-दहा दिवस उरले की विमान कंपनीचा मेल येतो: इकॉनॉमीतून बिझनेसमध्ये जायचं असेल तर किती द्याल, ते सांगा. खाली एक पट्टी असते. ती बोटाने सरकवली की आकडा वाढतो आणि शेजारचा काटा लालवरून हिरव्याकडे जातो. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, कॅथे पॅसिफिक, क्वांटास, एतिहाद अशा कितीतरी कंपन्यांकडे ही सोय आहे, आणि त्यांतल्या अनेकींच्या मागे माँट्रियलच्या 'प्लसग्रेड' या २००९ साली सुरू झालेल्या कंपनीची यंत्रणा असते. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा म्युनिकला निघालेल्या आईवडिलांसाठी पुण्या-मुंबईच्या घरांत या पट्टीवर बराच खल होतो. रक्कम लहान नसते. ती ठरवताना ज्या समजुतींवर भिस्त ठेवली जाते, त्यांतल्या बऱ्याच मात्र चुकीच्या असतात.

सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज असा, की बिझनेसमधली उरलेली सीट म्हणजे संध्याकाळची भाजी. विमान सुटायच्या आत कंपनी ती मिळेल त्या भावाने काढणारच. प्रत्यक्षात विमान उडेपर्यंत त्या सीटला एक किंमत असते आणि ती रोज बदलते. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केनेथ लिटलवूड यांनी १९७२ साली एक साधा नियम मांडला. कमी पैसे देणारं गिऱ्हाईक समोर उभं असेल तर त्याला सीट कधी द्यावी? जास्त पैसे देणारा नंतर येण्याची शक्यता गुणिले त्याचं भाडं, यापेक्षा समोरची रक्कम मोठी असेल तेव्हा. आजची किचकट गणितं याच पायावर उभी आहेत.

समजा, मुंबई–फ्रँकफर्टचं एका बाजूचं बिझनेसचं तिकीट दोन लाखांचं आहे. सुटण्याच्या चार दिवस आधी ती सीट पूर्ण भाड्याने जाण्याची शक्यता वीस टक्के वाटत असेल, तर कंपनीच्या लेखी आज तिची किंमत चाळीस हजार. तुमची तीस हजारांची बोली त्या दिवशी टिकत नाही. दोन दिवसांनी शक्यता दहा टक्क्यांवर आली की तीच सीट वीस हजारांची होते आणि तीच बोली चालून जाते. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण निकाल बहुधा शेवटच्या दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही उशिरा का लागतो, ते यातून कळतं. आपली बोली फक्त इतर प्रवाशांशी झुंजत नसते; आयत्या वेळी कंपनीच्या खर्चाने प्रवास करणाऱ्या कुणा अधिकाऱ्याच्या संभाव्य तिकिटाशीही ती झुंजत असते. म्हणून किमान बोलीच्या खाली पट्टी सरकतच नाही. सीट रिकामी गेली तरी चालेल, पण शेवटी थांबलं की स्वस्तात मिळतं ही सवय पूर्ण भाडं देणाऱ्यांना लागू नये, असा कंपनीचा हिशोब असतो.

'सीट मॅपवर आठ जागा रिकाम्या दिसतात, म्हणजे आपलं नक्की,' हेही असंच. ज्यांनी तिकीट काढलंय पण सीट निवडलेली नाही, ते त्या नकाशावर दिसतच नाहीत. काही जागा कंपनीने अडवून ठेवलेल्या असतात. ज्या विमानांत वैमानिकांना विश्रांतीसाठी वेगळी बर्थ नसते, तिथे एखादी बिझनेस सीट त्यांच्यासाठी राखलेली असते. शिवाय माइल्स वापरून अपग्रेड मागणारे नियमित प्रवासी रांगेत असतात, ते वेगळेच.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, कारण जोडप्यांना तो हमखास नडतो. सर्वांत मोठी बोली जिंकते असं आपण धरून चालतो. पण एका पीएनआरवर जितके प्रवासी, त्या सगळ्यांसाठी मिळून एकच बोली लागते आणि साधारणपणे ती सगळ्यांसाठी स्वीकारली जाते किंवा कुणासाठीच नाही. शेवटची एकच सीट उरली असेल तर दोघांची माणशी पस्तीस हजारांची बोली बाजूला पडते आणि एकट्या प्रवाशाची तीस हजारांची लागते. म्हणून एकत्र निघालेल्या वृद्ध आईवडिलांची तिकिटं वेगळी काढावीत, असं मी मुळीच म्हणणार नाही. जोडविमान चुकलं तर एक पुढे आणि एक मागे अशी ताटातूट होण्याची भीती त्यात असते, आणि ती अपग्रेडपेक्षा महाग पडते.

पट्टीवरचा आकडा बहुतेक ठिकाणी माणशी आणि एकेका उड्डाणाचा असतो. पंचवीस हजार बघून होकार दिला आणि दोघं जण दोन टप्प्यांनी जाणार असतील, तर कार्डावरून एक लाख जातात. टप्पे वेगळे असण्याचा फायदाही घेता येतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला रात्रीच्या लांब उड्डाणात आडवं होता येणं मोलाचं असतं. दिवसाच्या छोट्या टप्प्यावर बोली नाही लावली तरी चालतं. पैसे बोली मंजूर झाली तरच कापले जातात, पण कापले जातात ते आपण लिहिलेले पूर्ण. दुसऱ्या क्रमांकाची बोली कितीही खाली असली तरी वरचा फरक परत मिळत नाही. म्हणून काटा हिरवा करण्यासाठी आकडा वाढवत जाऊ नये. तो काटा जिंकण्याची हमी देत नाही, हे कंपन्याच अटींमध्ये लिहितात. त्या रात्रीची झोप आपल्याला किती रुपयांची, तेवढा आकडा टाकून थांबावं.

इकॉनॉमी खचाखच भरली की आपली संधी गेली, असंही लोकांना वाटतं. उलट बिझनेसमध्ये जागा असेल तर संधी वाढू शकते. इकॉनॉमीतला एक जण पुढे सरकला की मागे एक जागा मोकळी होते, आणि ती कंपनीला शेवटच्या क्षणी चढ्या भावाने विकता येते. क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असतील तर काउंटरवर फुकट अपग्रेडही होतात. ते चांगला सूट घातल्याने किंवा 'आमचा हनिमून आहे' म्हटल्याने मिळत नाहीत. कुणाला पुढे न्यायचं याचा क्रम मुख्यतः सदस्यत्वाची श्रेणी आणि तिकिटाचं भाडं पाहून लागतो. मध्यरात्री मुंबईच्या टी-टू टर्मिनलवर रांग सांभाळणाऱ्या मुलीच्या हातात फारसं काही नसतं. तिच्याशी हुज्जत घालू नये.

बोली लागली म्हणजे तिकीटच बिझनेसचं झालं, असंही नाही. माइल्स बहुतेकदा मूळ इकॉनॉमी भाड्यावरच जमा होतात. सामानाची मर्यादा काही कंपन्या वाढवतात, काही जुनीच ठेवतात. लाउंजचंही तसंच, म्हणून अटी वाचायच्या त्या या दोन ओळींसाठी. इकॉनॉमीत पैसे भरून घेतलेली पुढची सीट सोडावी लागली तर तिचे पैसे अनेक ठिकाणी बुडतात. बोली मंजूर झाल्यावर आपण प्रवास रद्द केला तर ती रक्कम सहसा परत येत नाही; कंपनीनेच विमान बदललं आणि बिझनेसमध्ये बसवता आलं नाही, तर येते.

मुळात बिझनेसचंच तिकीट काढलेल्याला जबरदस्तीने खालच्या वर्गात बसवलं, तर भारतातले नियम स्पष्ट आहेत. डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई–फ्रँकफर्ट या शेवटच्या गटात येतं.