धडधड, वजन आणि डब्यातला चिवडा

ईडन प्रेरीत बर्फ अजून हटलेला नाही, स्टेअरिंग लेकची फेरी बंद आहे आणि दिवाळीत चढलेलं वजन तसंच आहे. आज त्या वजनाबद्दलच बोलू, पण हृदयाच्या ठोक्यांच्या बाजूने.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात. त्या लयीत आकुंचन न पावता नुसत्या थरथरू लागल्या की झालं एट्रियल फिब्रिलेशन. इथले डॉक्टर ‘ए-फिब’ म्हणतात. कुणाला धडधड होते, कुणाला दम लागतो, कुणाला काहीच कळत नाही. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून घड्याळाने अनियमित ठोके दाखवले तर ईसीजी काढून घ्याच.

यात पोटाचा काय संबंध? वजनाबरोबर रक्तदाब वाढतो, डावी कर्णिका ताणून मोठी होते, हृदयाभोवती चरबी साठते. झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाणही वाढतं, त्यामुळे घोरण्यावर नुसते विनोद करू नका.

“मी तर बारीक आहे” म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय 22.3; पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! तेव्हा वजनकाट्याबरोबर कंबरेला टेपही लावा.

दिलासा देणारी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची. 2015 साली तिथल्या डॉक्टरांनी ए-फिब असलेल्या वजनदार रुग्णांचा पाच वर्षांचा अभ्यास मांडला. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची लय नीट राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. म्हणजे 180 पौंडांतले 18 पौंड. ज्यांचं वजन सारखं खालीवर होत राहिलं, त्यांचा फायदा मात्र घटला. लग्नाआधीचं महिनाभराचं डाएट इथे फारसं कामाचं नाही.

आपल्या पॉटलकमध्ये लोणचं, पापड, चिवडा असतोच. मीठ तिथूनच जातं. दारूही लय बिघडवते, अगदी शनिवारपुरती घेतलेलीसुद्धा.

आणि भारतातून आलेले आई-बाबा वॉर्फरिन घेत असतील तर मेथी-पालक एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका. त्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा असर कमी करतं. प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा आणि काय खातात ते डॉक्टरांना सांगा.

भेटू पुढच्या भागात!