विश्लेषण : नवे गेम असताना खेळाडूंना जुनाच गेम का हवा असतो?

ऑनलाइन गेमच्या दुनियेत दरवर्षी नवे नकाशे आणि अधिक झगमगीत ग्राफिक्स येतात. तरीही लाखो खेळाडू पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या, ओबडधोबड चित्रांच्या आणि संथ चालीच्या ‘रोल प्लेइंग’ गेमकडे परत वळतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत बसलेल्या तरुणालाही आज २००७ मधला असा गेम फोनवर खेळता येतो. ही निव्वळ आठवणींची ओढ आहे की त्यामागे आणखी काही कारण आहे?

हे गेम वेगळे कसे?

या गेममध्ये खेळाडू स्वतःचे एक पात्र तयार करतो आणि ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घडवतो. हजारो लोक एकाच आभासी जगात वावरतात. १९७८ मध्ये ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात तयार झालेला, केवळ मजकुरावर चालणारा ‘मड’ हा या प्रकाराचा पूर्वज. त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले : यश मिळवणारे, नवे शोधणारे, माणसे जोडणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. गेमचे नियम बदलले की या चौघांचा समतोलही बदलतो. जुन्या गेमच्या मागणीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

रुनस्केपमध्ये काय घडले?

‘रुनस्केप’ हा ब्रिटिश गेम २००१ मध्ये आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जॅगेक्स कंपनीने त्यातली लढाईची पद्धतच बदलली आणि अनेक खेळाडू नाराज होऊन निघून गेले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक जुनी प्रत जपलेली होती. ती सुरू करावी का, यावर मतदान घेण्यात आले. सुमारे साडेचार लाख मते पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ सुरू झाला. नवे काही आणायचे तर आधी खेळाडूंचा कौल घ्यायचा, असा नियम ठरला. त्यासाठी ७५ टक्के मते आवश्यक होती. पुढे ही अट ७० टक्क्यांवर आली. २०१८ मध्ये गेम मोबाइलवर आला. आज मूळ गेमपेक्षा या जुन्या आवृत्तीचेच खेळाडू अधिक आहेत.

वॉरक्राफ्टला माघार का घ्यावी लागली?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला. पुढे त्यात उडती वाहने आली. २००९ मध्ये तर बटण दाबताच आपोआप गट जुळवणारी सोय आली. वेळ वाचला, पण गट जमवण्यासाठी अनोळखी लोकांशी बोलणे, पायी लांबचा प्रवास करणे आणि वाटेत ओळखी होणे, हे सारे कमी झाले. जुनी आवृत्ती खेळाडूंना खरोखर नको आहे, त्यांना तसे फक्त वाटते, अशा अर्थाचे उत्तर ब्लिझार्ड कंपनीच्या अधिकाऱ्याने २०१३ मध्ये दिले होते. चाहत्यांनी मात्र ‘नोस्टॅल्रियस’ नावाचा विनापरवाना सर्व्हर चालवला. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर तो बंद पडला, तेव्हा निषेधाच्या अर्जावर अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच ‘क्लासिक’ आवृत्ती आणली.

मग जुने दिवस परत आले का?

पूर्णपणे नाही. रॅग्नारोस या बलाढ्य शत्रूला पहिल्यांदा हरवायला २००५ मध्ये खेळाडूंना पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये तो आठवडाभरातच पडला. गेम तोच होता, पण खेळाडू बदलले होते. प्रत्येक डावपेच यूट्यूबवर आणि वेबसाइटवर आधीच उपलब्ध होता. सर्व्हर जुना करता येतो. तेव्हाचे नवखेपण परत आणता येत नाही. तरीही लोक टिकून राहिले, कारण एकमेकांवाचून अडणारे ते जग त्यांना पुन्हा मिळाले होते.

भारतात काय चित्र आहे?

दक्षिण कोरियाचा ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ हा गेम ‘लेव्हल अप’ कंपनीने २००० च्या दशकात भारतात आणला होता. शहरांतल्या सायबर कॅफेंमधून तो खेळला जाई. पुढे भारतीय सर्व्हर बंद झाला आणि तिथली पात्रेही गेली. उंद्रीसारख्या गावांत बहुतेकांच्या हाती ऑनलाइन गेम आला तो थेट स्वस्त डेटा आणि स्मार्टफोनसोबत. त्यामुळे इथल्या पिढीची आठवण रॅग्नारोकची नसून ‘पब्जी मोबाइल’ची आहे. तो रोल प्लेइंग गेम नव्हे, पण मित्रांचा गट आणि ओळखीचा ‘एरँगल’ नकाशा ही ओढ तशीच. २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा थांबली. २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आला तेव्हा जुन्या खात्यातल्या वस्तू नव्या खात्यात नेण्याची मुभा मिळाली, तीही ठरावीक मुदतीपुरतीच.

खेळाडूचा हक्क किती?

कॅसेट किंवा सीडीवरचा गेम घरात ठेवता येत असे. ऑनलाइन गेमचे जग कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि खेळाडूला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून ही बाब विक्रीच्या वेळीच सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक आहे. ‘द क्रू’ हा गेम २०२४ मध्ये बंद झाल्यावर युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी राहिली. विकलेला गेम सेवा संपल्यानंतरही खेळता यावा, या मागणीला दहा लाखांहून अधिक नागरिकांनी पाठिंबा दिला.

रुनस्केपचे खेळाडू परत जाऊ शकले, कारण २००७ ची प्रत कोणीतरी जपून ठेवली होती. फोनवरच्या गेममध्ये पात्राच्या पोशाखासाठी किंवा हत्यारासाठी पैसे भरताना एवढे लक्षात ठेवायला हवे : ती वस्तू सर्व्हर सुरू असेपर्यंतच आपली असते, आणि तो कधी बंद करायचा हे कंपनी ठरवते.