घरचं वर्कशॉप (भाग 6) : लेथखालची जमीन

मागच्या भागात जुना लेथ कसा पारखायचा ते पाहिलं. त्यानंतर तिघाचौघांनी कळवलं, की साताऱ्याच्या आणि कुपवाडच्या एमआयडीसीत फिरून लेथ घेतला, घरी आणला, आता पुढं काय? पुढं एवढंच, की त्याला महिनाभर हात लावू नका. ताडपत्री टाका आणि गवंडी शोधा.

हे शहाणपण मला उशिरा आलं. माझा साडेचार फुटी लेथ कुपवाडहून टेम्पोनं साताऱ्याला आला तेव्हा शाहूपुरीतल्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही सहाजणांनी तो पायपांच्या तुकड्यांवरून ढकलत नेला. पडवीला शहाबादी फरशी. एक पाय डुगडुगत होता, त्याखाली लाकडाची चिप सारली. संध्याकाळी मोटर जोडली, चक फिरला, घरच्यांनी नारळ फोडला.

पहिलं काम जुन्या जीपच्या शॅकलचं. पाट्याला धरणाऱ्या शॅकलचा बुश पार खाल्ला होता. गनमेटलचा गोळा आणला आणि 60 मिलिमीटर लांबीचा बुश उतरवला. दिसायला देखणा. बसवायला गेलो तर एक टोक ठोकून जाईना आणि दुसरं बोटानं आत जायचं. मायक्रोमीटर लावला. दोन टोकांत 0.05 मिलिमीटरचा फरक. एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलात, असं वाटेल. पण या मापाचा बुश घट्ट बसायला भोकापेक्षा साधारण 0.03 ते 0.05 मिलिमीटर मोठा लागतो. म्हणजे घट्टपणासाठी जेवढं ठेवायचं, तेवढं सगळं माझ्या टेपरनं खाल्लं होतं.

मी मशीन विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. ओळखीचे एक निवृत्त टर्नर बघायला आले. त्यांनी लेथकडे पाहिलंच नाही. उकिडवे बसले, पायाखालची चिप बोटानं हलवली आणि म्हणाले, “दादा, मशीनला नावं ठेवू नका. आधी खाली बघा.”

बिडाचा बेड म्हणजे दगडासारखा, तो कशाला वाकतोय, अशी आपली समजूत. चारपाचशे किलोचं धूड स्वतःच्याच वजनानं पिळतं, हे डोळ्यांना पटत नाही. एक पाय आखूड असलेली खाट आठवा. चार पाय टेकवायचे तर चौकटीला पीळ पडतोच. लेथचा बेडही तसाच पिळतो, फक्त तो पीळ केसापेक्षा बारीक असतो. टूल धरणारं कॅरेज त्या पिळलेल्या बेडवरून सरकत जातं. हेडस्टॉकजवळ ते जॉबपासून जितकं लांब, टेलस्टॉकजवळ तितकं उरत नाही. मग गोल काम निमुळतं निघतं.

म्हणून जमीन. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत हा विषय एकसारखा नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दोन-तीन फूट खणलं की मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. तिथं काम सोपं. कृष्णाकाठची काळी माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पलूस, वाळवा, मिरज भागातल्या मळ्यातल्या घरांच्या भिंतींना तिरक्या भेगा पाहिल्या असतील, त्या हिच्याच. अशा जमिनीवर नुसती फरशी घालून लेथ ठेवला तर मे महिन्यात काढलेली लेव्हल ऑगस्टमध्ये राहत नाही. किर्लोस्करवाडी आठवते ती इथं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला. लोक त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतात, करावंच. पण मेस्त्रीच्या नजरेला आधी तो माळ दिसतो. मशीन बसवायला पिकाऊ रानापेक्षा माळ केव्हाही बरा.

घरात एवढं निवडायची सोय नसते. तेव्हा जिथं लेथ ठेवायचा तिथली फरशी उचला. काळी माती असेल तर हाती कठीण थर लागेपर्यंत काढा आणि मुरूम भरून पाणी मारत धुम्मसानं ठोका. त्यावर दगडी सोलिंग, त्यावर किमान नऊ इंच काँक्रीट. गवंडी म्हणेल, चार इंच पुरे, ट्रक उभा करायचाय का? ऐकू नका. लेथच्या ओट्याला ताकदीइतकंच वजनही लागतं, थरथर गिळण्यासाठी. ओटा भिंतीला आणि बाकीच्या फरशीला चिकटवू नका, चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची खाच सोडा. भिंत हलली तर लेथ हलू नये. पाणी निदान पंधरा दिवस मारा आणि अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय बोल्ट आवळू नका. ताडपत्री टाका म्हणालो ती याचसाठी.

आता लेव्हल. गवंड्याची पाणलेव्हल इथं कामाची नाही. मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी मशीन लेव्हल लागते. ती महाग असते, म्हणून विकत घेऊ नका. शेजारच्या एखाद्या वर्कशॉपमधून रविवारपुरती मागून आणा. बेडवर आडवी ठेवायची, आधी हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉकजवळ. दोन्हीकडे बुडबुडा एकाच ठिकाणी थांबला म्हणजे बेडला पीळ नाही. तो बरोबर मध्येच असला पाहिजे असं नाही. सगळा लेथ एका बाजूला किंचित कलला तरी काम बिघडत नाही, पिळला तर बिघडतं. ज्याला ही गोष्ट उमगली त्याचे तीन तास वाचतात.

लेव्हल मिळालीच नाही तर टर्नरांची जुनी परीक्षा आहे, आणि खरं तर शेवटचा शब्द तिचाच. 30 मिलिमीटर जाडीचा सळईचा तुकडा चकमध्ये धरा, 160-170 मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. मधला भाग थोडा खाली उतरवून दोन टोकांना दोन कॉलर ठेवा. टूलला धार नवी करा आणि त्याच सेटिंगवर दोन्ही कॉलरवरून अगदी हलका शेवटचा कट घ्या. जड कट घेतलात तर सळईच वाकेल आणि तुम्ही उगाच बेडवर आळ घ्याल. दोन्ही मापं घ्या. बाहेरची कॉलर मोठी निघाली तर टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूचा पाय पितळी शिम घालून उचला. लहान निघाली तर मागचा उचला. माझ्याकडे 150 मिलिमीटरच्या अंतरात 0.12 चा फरक होता. चिप काढली, नवा ओटा केला, शिम घालत घालत चार वेळा सळई उतरवली तेव्हा फरक 0.01 वर आला. बोल्ट आवळल्यावर माप पुन्हा बदलतं, त्यामुळे आवळून मोजा, नुसतं ठेवून नको. महिन्याभरानं पुन्हा मोजा, नवा ओटा थोडा बसतो.

मोठा जॉब नाही, छोट्या गोष्टी करायच्या आहेत, त्याला एवढं कशाला, असं एका वाचकानं विचारलंय. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचं उदाहरण त्यांनी दिलं. खरंय. लोहारांनी भंगारातून, किकनं चालू होणारी छोटी जीप मुलाच्या हौसेखातर साठेक हजारांत उभी केली, डिसेंबर 2021 मध्ये ती देशभर गाजली, आनंद महिंद्रांनी ती मागून घेऊन त्यांना बोलेरो दिली. यशवंतराव चव्हाणांचं गाव त्या दिवसांत एका लोहाराच्या नावानं ओळखलं गेलं, याचं मला फार कौतुक वाटतं. पण त्या माणसाच्या हातात आयुष्यभराचं काम होतं. हातात नजर मुरलेल्याला वाकडं मशीनही सरळ चालवता येतं. आपल्यासारख्या हौशी माणसाला चूक स्वतःची की मशीनची हेच कळत नाही, म्हणून मशीन तरी बिनचूक हवं. आणखी एक, महिंद्रांनीच तेव्हा म्हटलं होतं, की नियमात न बसणारी ती गाडी कधी ना कधी थांबवली जाईल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. झिजलेला बुश बदलणं आणि चेसिस कापणं यात फरक आहे. त्यावर स्वतंत्र भाग येईल.

उरला पाऊस. साताऱ्याच्या जुलैत बेडवर रात्रीत तांबूस थर चढतो. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल फासणारे बरेच आहेत. त्यात आम्ल असतं, ते बेड खातं. 68 नंबरचं नवं तेल वापरा. झाकायला प्लॅस्टिक नको, आत घाम धरतं. जाड सुती चादर टाका आणि खाली एक जुना पिवळा बल्ब रात्रभर जळू द्या.

सांगलीकरांसाठी वेगळं सांगतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या पेठांत राहत असाल तर स्टार्टर आणि स्विचबोर्ड भिंतीवर डोक्याच्या उंचीला घ्या, आणि मोटर चार बोल्ट काढले की सुटेल अशी बसवा. लेथ काही माळ्यावर चढत नाही. पाण्याचा इशारा आला की मोटर, चक आणि मापाची हत्यारं वरच्या मजल्यावर न्या, बेडवर, लीड स्क्रूवर आणि हेडस्टॉकच्या सांध्यांवर हाताच्या पंज्यानं ग्रीस थापा. पाणी ओसरल्यावर ते ग्रीस, त्यातल्या गाळासकट, पुसायच्या आधी धुवून काढा; गाळ वाळूसारखा घासतो.

पुढच्या आठवड्यात विजेचं पाहू. घरच्या सिंगल फेजवर किती मोटर चालते आणि महावितरणकडे थ्री फेज कधी मागायचा, हे त्यात येईल. तोवर ज्यांचा लेथ आधीच बसलाय त्यांनी दोन कॉलरची सळई उतरवून मापं लिहून ठेवा, आणि पायाखाली लाकडाची चिप असेल तर ती आज काढा.