सिंहांचा आजार, कुत्र्यांची लस

१९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत सिंहांना झटके येऊ लागले. पाहता पाहता सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. १९६६पासून तिथे सिंहांचा अभ्यास सुरू असल्याने ही साथ नजरेतून सुटली नाही. कारण निघाले कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपर विषाणू. मग आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशी दिल्या गेल्या. डिस्टेंपर पूर्ण थांबला नाही. तो इतर वन्यप्राण्यांतही पसरतो. पण कुत्र्यांमधला रेबीज घटला आणि माणसांना होणारे चावेही कमी झाले.

आमच्या सरकारी रुग्णालयात कुत्रा चावलेली मुले येतात. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा, लगेच लस घ्या, हे मी सांगतोच. पण खरा बचाव आधीच, कुत्र्याच्या लसीकरणात असतो.