नाणं उडवून ठरलेलं नाव

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवर, हंबोल्ट परगण्यात, ईल नदीच्या काठी स्कोशिया वसलं आहे. वस्ती हजाराच्या आत. आखीव रस्ते, एका घराला झाकावं आणि दुसरं काढावं अशी लाकडी घरं, आणि साऱ्या गावावर वचक ठेवून असलेली आरागिरणी. ‘पॅसिफिक लंबर’ कंपनीने १८८० च्या दशकात रेडवूड कापण्यासाठी इथे बस्तान बसवलं, तेव्हा वस्तीचं नाव होतं फॉरेस्टव्हिल.

टपालखात्याला हे नाव चालेना. सोनोमा परगण्यात एक फॉरेस्टव्हिल आधीच होतं. मग १८८८ च्या जुलैत नवं बारसं झालं. गिरणीतले पुष्कळ कामगार कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडचे, लाकूडतोडीत मुरलेले. कोणी नोव्हा स्कोशियाचे, कोणी न्यू ब्रन्सविकचे. नाव कुणाच्या मुलखाचं द्यायचं? नाणं उडवलं आणि नोव्हा स्कोशियावाल्यांचा कौल लागला, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री पुरावा मागू नये, पण गावाला ती शोभते खरी.

नाव लोकांनी ठरवलं असेल. बाकी सगळं कंपनीचं. घरं, दुकानं, हॉटेल, रस्ते, सारंच. रेडवूडचं लाकूड सहजी कुजत नाही, वाळवीलाही दाद देत नाही, त्यामुळे रेल्वेचे स्लीपर आणि पाण्याच्या टाक्या यांसाठी त्याला मोठी मागणी होती. १९२० साली बांधलेली बँकेची इमारत तर पाहण्यासारखी आहे. ग्रीक मंदिराचा थाट, पण संगमरवरी खांबांच्या जागी सालीसकट उभे केलेले रेडवूडचे ओंडके! पुढे तिथे संग्रहालय झालं. त्याच काळातलं वायनिमा थिएटरही असंच लाकडी.

मर्फी घराण्याच्या कारभारात कंपनी बेताने तोडत असे, काही झाडं राखून. स्वस्त भाडं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी नोकरी यांमुळे गावही निर्धास्त होतं.

हा निर्धास्तपणा १९८५-८६ मध्ये संपला. टेक्सासच्या चार्ल्स हर्विट्झ यांच्या ‘मॅक्झॅम’ने चढ्या व्याजाचे रोखे काढून कंपनी ताब्यात घेतली. कर्ज फेडायचं म्हणजे झाडं पाडणं आलं. तोडीचा वेग जवळपास दुपटीवर गेला. कामगारांना जादा पाळ्या मिळाल्या आणि पर्यावरणवाद्यांना लढण्याचं कारण. स्कोशियाजवळच्या डोंगरावर ज्युलिया बटरफ्लाय हिल ही तरुणी डिसेंबर १९९७ मध्ये ‘लूना’ नावाच्या रेडवूडवर चढली, ती ७३८ दिवसांनी उतरली. १९९९ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारने ३८ कोटी डॉलर मोजून कंपनीकडून हेडवॉटर्सचं सुमारे साडेसात हजार एकर जंगल विकत घेतलं.

एवढा पैसा येऊनही कर्जाचा डोंगर हलला नाही. २००७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी गिरणी आणि जंगल ‘हंबोल्ट रेडवूड’ कंपनीकडे गेलं, गाव मात्र पैसे अडकलेल्या एका गुंतवणूक कंपनीच्या पदरात पडलं. तिला ते विकायचं होतं, पण विकणार कसं? अख्खं गाव एकाच मालकाचं, त्यामुळे कुठल्या घराचं अंगण कुठे संपतं हेच कधी आखलेलं नव्हतं. मोजणी आणि परवानग्यांत वर्षं गेली. पाणी-सांडपाण्याचं काम पाहायला स्वतंत्र स्थानिक मंडळ नेमावं लागलं. अखेर २०१७ मध्ये घरं एकेक करून विक्रीला निघाली, आणि स्कोशियाच्या रहिवाशाला पहिल्यांदाच आपल्या राहत्या घराचं खरेदीखत करता आलं.